त्रेचाळीस जणांची पत्रं

सोमवार, ४ सप्टेंबर

सरांनी आज नवी खोली दिली. खिडकी मागच्या पार्किंगवर उघडते, पण उघडते हेच खूप. तीन टेबलं आहेत. एक माझं, एक पेन्सिलचं, तिसऱ्यावर प्रिंटर आणि सरांनी कधीही न वाचलेली जर्नलं. पेन्सिल माझ्याबरोबरच सरांच्या हाताखाली संशोधन करते, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली आणि बांधाही तसाच, म्हणून ते नाव. मी तोंडावरही तेच म्हणते. ती मला ताई म्हणते.

आठ वर्षं कंपनीत काढून मी पुन्हा विद्यापीठात आले तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, ‘एकेचाळिसाव्या वर्षी परीक्षा? तुझी तू जाण.’ आज तिने पहिल्यांदा नीट विचारलं, की बाई, तू दिवसभर करतेस तरी काय?

मी सांगितलं. प्रोग्राम लिहिणारे लोक सगळं स्वतः लिहीत नाहीत. दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेली तयार फंक्शनं वापरतात. अशा फंक्शनांच्या संचाला आम्ही लायब्ररी म्हणतो. कधीतरी लिहिणाऱ्याला वाटतं, हे जुनं फंक्शन आता काढावं. पण जगभर लोक ते वापरत असतात, एकदम काढलं तर त्यांचे प्रोग्राम कोसळतात. म्हणून आधी त्यावर सूचना लावतात, ‘हे वापरू नका, लवकरच काढणार आहोत.’ आमच्या भाषेत, फंक्शन डेप्रिकेट करतात. सूचना लावल्यापासून फंक्शन खरोखर काढेपर्यंत किती काळ जातो, सूचनेत पर्याय सांगितलेला असतो का, लोक ती वाचतात का, हे मी मोजते.

आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ती म्हणाली, ‘म्हणजे नंबर बदलला की आम्ही जुन्या नंबरावर रेकॉर्ड लावायचो, तसं?’

‘अगदी तसंच! किती दिवस ठेवायचात?’

‘नियमाने तीन महिने. पण माझ्या शिफ्टला माणसं फोन करायची थांबेपर्यंत ठेवायचे.’

सहाशे बारा लायब्रऱ्या तपासून मी जिथे पोचले, तिथे ही चहा ढवळता ढवळता पोचली. उद्या सरांना सांगेन, हसतील.

बुधवार, ६ सप्टेंबर

सर हसले नाहीत. म्हणाले, ‘आकडे झाले. आता एक माणूस शोधा.’ आणि माणूसही त्यांनीच सुचवला: तारखांचं गणित करणारी एक जुनी लायब्ररी एकहाती सांभाळणारे काका. त्यांच्या एका फंक्शनवर अकरा वर्षांपासून ‘वापरू नका’ अशी सूचना आहे आणि ते अजून काढलेलं नाही. माझ्या यादीतला हा विक्रम आहे. सरांना तो कसा ठाऊक, असं मनात आलं. पण सरांचं वाचन दांडगं आहे.

शनिवार, १६ सप्टेंबर

काकांकडे जाऊन आले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दुसरा मजला, जिना अरुंद. वय त्र्याहत्तर. बस डेपोत वेळापत्रकं बनवण्यात आयुष्य गेलं, प्रोग्रामिंग पन्नाशीनंतर स्वतःच शिकले. टेबलावर दोन चष्मे, एक पडद्यासाठी, एक माणसांसाठी. मी बोलायला लागले की दुसरा लावायचे.

फंक्शनाची गोष्ट अशी. अमुक तारखेपासून ‘तिसरा दिवस’ कोणता, हे ते सांगतं. डेपोत आजचा दिवस धरून मोजायची पद्धत, म्हणजे सोमवारपासून तिसरा दिवस बुधवार. काकांनी तसंच लिहिलं. बाकीचं जग उद्यापासून मोजतं, त्यांचा तिसरा दिवस गुरुवार. चूक लक्षात आल्यावर काकांनी बरोबर मोजणारं नवं फंक्शन लिहिलं आणि जुन्यावर सूचना लावली.

‘मग काढलं का नाही?’

‘काढणारच होतो. पत्रं यायला लागली. कुणाचं वाचनालय, कुणाची शाळा, एक डायलिसिस सेंटर. त्यांचं सगळं त्या चुकीवर बसलेलं. चूक माझी, तुम्ही म्हणाल. पण आता ती एकट्या माझी राहिली नाही ना!’

एकूण त्रेचाळीस माणसांची पत्रं. प्रत्येकाला त्यांनी उत्तर दिलंय. निघताना संमतीपत्रावर सही केली, तीही न वाचता. मी म्हटलं, काका, वाचा तरी. म्हणाले, ‘तुम्ही वाचलंय ना?’

मंगळवार, २६ सप्टेंबर

सर खूश आहेत. ‘ती पत्रं मिळाली तर सोनं आहे.’ गेल्या वर्षभरात त्यांनी माझ्या कामात एवढा रस कधी घेतला नव्हता. दोनदा खोलीत येऊन बसले, एकदा तर स्वतःहून चहा मागवला.

पेन्सिलनेही बारीकसारीक विचारलं. काका एकटेच करतात का सगळं? नवी आवृत्ती प्रसिद्ध करायचा अधिकार आणखी कुणाकडे आहे? त्यांना काही झालं तर? मी आईला कौतुकाने सांगितलं, की हिला माझ्या विषयात किती गोडी लागलीय बघ. आई म्हणाली, ‘ती तुझा विषय कुठे विचारतेय? घरात कोण कोण असतं ते विचारतेय.’

एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडलं की माणूस संशयी होतो.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

पाचवी भेट. काका आता मला ‘अगं’ म्हणतात. आज म्हणाले, ‘तू आलीस की मला कोड मोठ्याने वाचायला मिळतो, एरवी ऐकतंय कोण?’ त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

पत्रं दिली. एका पेन ड्राइव्हवर, सगळी, अकरा वर्षांची. हातात ठेवताना म्हणाले, ‘हे बघ, लोकांनी मला विश्वासाने लिहिलंय. तू वाच. तुझ्याबाहेर जाऊ देऊ नकोस.’

‘नाही जाणार, काका.’

दुपारी ती आमच्या तिघांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवली. ठेवताना हात जरा अडखळला, हे लिहून ठेवते. पण सर गाईड आहेत, त्यांच्यापासून काय लपवायचं? पेन्सिल तर घरचीच. एवढ्या पत्रांची वर्गवारी एकटीने करायची म्हणजे वर्ष जाईल. ‘तुझ्याबाहेर’ म्हणजे संशोधनाबाहेर, असाच त्याचा अर्थ घ्यायला हवा.

सोमवार, ३० ऑक्टोबर

पत्रं वाचते आहे. आकड्यांमध्ये वर्ष घालवल्यावर हे म्हणजे अंधाऱ्या खोलीत कुणीतरी दिवा लावल्यासारखं.

सगळ्यांत जास्त पत्रं डायलिसिस सेंटरच्या टेक्निशियनबाईंची, सात. एका छोट्या हॉस्पिटलात त्या मशीनं चालवतात. रुग्णांच्या पाळ्या लावण्याचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलाय, वरिष्ठांना न विचारता. कारण कागदावरच्या पाळ्यांत घोळ व्हायचे आणि तशाच एका घोळात त्यांच्या नवऱ्याची पाळी चुकली होती. ते पुढे फार दिवस जगले नाहीत. तिसऱ्या पत्रात हे सगळं आहे, आणि मग एक वाक्य: ‘तुमचं फंक्शन चुकीचं मोजतं हे मला माहीत आहे, पण चुकीचं का होईना, ते रोज सारखंच मोजतं.’ काकांनी उत्तर दिलंय, ‘तुमचा प्रोग्राम चालू आहे तोवर मी ते काढणार नाही.’

मी बराच वेळ पुढचं पत्र उघडलं नाही.

पेन्सिलने आज स्वतःहून म्हटलं, ताई, काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, तोवर त्यांची साचलेली कामं मी करू का? मी लगेच फोन लावून दोघांची ओळख करून दिली. किती जीव आहे या मुलीत!

गुरुवार, २३ नोव्हेंबर

काकांचं ऑपरेशन नीट झालं. पेन्सिलने पंधरवड्यात अकरा कामं निकालात काढली. त्यांनी तिला नवी आवृत्ती प्रसिद्ध करायचा अधिकार देऊन टाकला. मला फोनवर म्हणाले, ‘तुझी मैत्रीण म्हणून दिला गं.’ मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

आज एका कंपनीची दोन माणसं सरांकडे आली होती. त्यांचं कॅलेंडरचं मोठं उत्पादन काकांच्या लायब्ररीवर उभं आहे, जुनं फंक्शन त्यांना फार डोकेदुखी करतं म्हणे. एकाने पत्रांच्या वर्गवारीचा माझा तक्ता वाचला होता! म्हणाला, ‘म्हणजे या फंक्शनावर खरोखर अडून बसलेले लोक त्रेचाळीसच?’ मी म्हटलं, पत्र लिहिणारे त्रेचाळीस. त्याने ‘त्रेचाळीस’ असं वहीत लिहून त्याभोवती गोल केला. आपला तक्ता कुणी इतक्या बारकाईने वाचतं याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

जानेवारीतल्या परिषदेला पेन्सिल जाणार. सर म्हणाले, तुम्ही इथे राहून प्रबंधाची प्रकरणं पूर्ण करा, तुमचं खरं बळ लिहिण्यात आहे. वाईट वाटलं. मग वाटलं, बरोबरच आहे त्यांचं.

बुधवार, १० जानेवारी

परिषद पडद्यावर पाहिली. आईला शेजारी बसवलं होतं, की माझ्या कामाबद्दल बोलणार आहेत, बघ.

पहिल्या पानावर पेन्सिलचं नाव, मग सरांचं, मग कंपनीतल्या त्या गोलवाल्या माणसाचं. माझं शेवटी, आभारांत. मी आईला सांगत होते, कधीकधी असं करतात गं.

मग माझा तक्ता आला. त्यावर तांबड्या अक्षरांत, ‘अवलंबून असलेले: केवळ ४३’. ‘केवळ’ मी लिहिलं नव्हतं. आणि पुढच्या पानावर अख्खा पडदाभर एकच वाक्य, ‘तुमचं फंक्शन चुकीचं मोजतं हे मला माहीत आहे’. खाली ‘एका डायलिसिस सेंटरमधील टेक्निशियन’. वाक्याचा पुढचा अर्धा भाग नव्हता. पेन्सिल म्हणाली, ‘वापरणाऱ्यांनाही चूक माहीत असते, ते फक्त सवयीपोटी चिकटून राहतात.’ सभागृहात लोक हसले.

आईने टीव्हीचा रिमोट उचलून आवाज बंद केला. ‘ते पत्र त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडचं ना?’

मी हो म्हटलं.

‘त्यांना विचारलं होतं?’

गुरुवार, ११ जानेवारी

सरांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

‘सर, ते पत्र बाहेर जाणार नाही असा मी शब्द दिला होता.’

‘नाव काढलंय ना?’

‘अशी डायलिसिस सेंटरं किती असतील, सर, जिथली टेक्निशियन स्वतः प्रोग्राम लिहिते?’

‘संमतीपत्रावर “संशोधनासाठी” असं लिहिलंय. परिषद म्हणजे संशोधनच. तुमचा तोंडी शब्द तुम्ही दिलात, संस्थेने नाही.’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘कंपनीतून आलात, तुम्हाला वाटलं इथे सगळे साधुसंत असतील. प्रबंध पुरा करा. मी तुमच्या पाठीशी आहे.’

माझी पाठ अजून थंड आहे.

पेन्सिल फोन उचलत नाही. काकांना सांगायला हवं. उद्या सांगते.

मंगळवार, १६ जानेवारी

सांगितलं नाही. फोन हातात घेते, नंबरावर बोट नेते आणि ठेवून देते. त्यांचा डोळा अजून बरा होतोय, ताण नको, असं स्वतःला समजावते. हे निमित्त आहे, हेही कळतं.

पेन्सिलचं टेबल रिकामं. कंपनीत रुजू झालीय, विभागातल्या क्लार्कने सांगितलं. मला एक मेसेज: ‘ताई, रागावू नकोस, भेटून सगळं सांगते.’ ताई!

सोमवार, २९ जानेवारी

सकाळी काकांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

‘फंक्शन कुणी बदललं?’

मला वाटलं, ते काढलं. काढलं असतं तरी परवडलं असतं. काढलेलं फंक्शन हाक मारली की ओरडतं, प्रोग्राम बंद पडतो, माणूस बघतो तरी. इथे नाव तेच ठेवून आतली मोजणी बदलली होती. कुठे एरर नाही, कुठे सूचना नाही. माझ्या प्रबंधात अशा बदलाला मी ‘मुका बदल’ म्हटलंय आणि सहाशे बारा लायब्रऱ्यांत त्याची फक्त एकोणीस उदाहरणं सापडली होती. हे विसावं.

शुक्रवारी, एकोणीस तारखेला दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी केलेला बदल. करणारीचं नाव पेन्सिलचं. बारीकसारीक दुरुस्त्यांची छोटी आवृत्ती म्हणून तो प्रसिद्ध केला. छोट्या आवृत्त्या बहुतेक प्रोग्राम न विचारता आपोआप उतरवून घेतात.

डायलिसिस सेंटरच्या प्रोग्रामने गेल्या सोमवारी ती घेतली. बुधवारी ज्यांची पाळी, त्या सगळ्यांना गुरुवारचा मेसेज गेला. बुधवारी सकाळी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या बघून टेक्निशियनबाईंनी एकेकाला फोन करून बोलावून घेतलं. एक गृहस्थ एकटे राहतात, त्यांनी फोन उचलला नाही. गुरुवारी त्यांना श्वास लागलेल्या अवस्थेत आणलं. अतिदक्षता विभागात आहेत.

हे सगळं काकांनी एका दमात सांगितलं आणि थांबले. मग ते म्हणाले, ‘तुम्हाला काही माहीत होतं का?’

तुम्हाला.

मंगळवार, ३० जानेवारी

काकांकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि आत वळले. ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: सामाईक फोल्डर, तक्ता, परिषद, पडद्यावरचं वाक्य. वीस दिवस मला ठाऊक होतं, हेही. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हिरवी काच होती, दुसऱ्या डोळ्याने बघत होते.

‘मी तुमच्यामुळे तिला अधिकार दिला,’ एवढंच म्हणाले.

पेन्सिलचा अधिकार त्यांनी काढून घेतलाय, जुनी मोजणी परत घातलीय. पण कुणाकडे कोणती आवृत्ती उतरलीय कोण जाणे. म्हणून ते त्रेचाळीस जणांना फोन करत होते. नंबर बारीक अक्षरांत, त्यांना दिसत नव्हते. नवव्या नंबरावर तीनदा चुकले होते.

‘तुम्ही वाचा. मी लावतो,’ म्हणाले.

मी वाचत गेले, ते लावत गेले. प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगत होते, ‘माझ्याकडून एक चूक झालीय.’ माझ्या समोर बसून, ‘माझ्याकडून’, असं. वाचनालयवाल्याने शिव्या दिल्या, त्याही ऐकून घेतल्या. शाळेच्या मास्तरांनी उलट त्यांच्याच डोळ्याची चौकशी केली. संध्याकाळी चार वाजेपर्यंत सदतीस झाले. मी पाणी आणून दिलं, त्यांनी ते प्यायलं नाही, बाजूला ठेवलं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

पेन्सिल भेटली. तिच्या नव्या ऑफिसखालच्या कॅफेत, तिनेच जागा सांगितली. डोळे सुजलेले होते. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

‘ताई, कुणाला काही होईल असं मला वाटलंच नव्हतं.’

‘पत्रं तू वाचली होतीस. सातही.’

‘वाचली होती. पण सर म्हणाले, इतक्या वर्षांत त्या बाईंनी तो प्रोग्राम कधीच बदलला असेल.’

‘विचारायचं होतं.’

‘विचारलं असतं तर काकांनी नाही म्हटलं असतं.’ मग मान खाली घालून म्हणाली, ‘मोठी आवृत्ती काढून, सूचना देऊन करायचं ठरलं होतं आधी. पण तूच लिहिलंयस ना, सूचना शंभरातले सातच जण वाचतात, मोठ्या आवृत्तीकडे लोक वर्षानुवर्षं वळत नाहीत. कंपनीने तुझं प्रकरण वाचलं आणि म्हणाले, मग छोट्या आवृत्तीतून करा.’

मी ते प्रकरण लिहिलं होतं ते लोकांचा घात कसा होतो हे दाखवायला. त्यांनी ते कृती म्हणून वाचलं.

‘नोकरी कधी ठरली तुझी?’

तिने कपातला चमचा काढून बशीत ठेवला.

‘पेन्सिल, कधी ठरली?’

‘सप्टेंबरच्या सुरुवातीला,’ म्हणाली. ‘सरांनीच शब्द टाकला होता.’

म्हणजे मी काकांच्या जिन्याची पहिली पायरी चढायच्या आधीच. सहा सप्टेंबरला सरांना काका कसे ठाऊक, हे माझ्या मनात आलं होतं, आणि मी ते दांडग्या वाचनाच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. आईने तीन आठवड्यांत ओळखलं, मला पाच महिने लागले.

चहाचं बिल तिने देऊ केलं. माझ्या चहाचे पैसे मीच दिले आणि उठले.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

अतिदक्षता विभागातले ते गृहस्थ घरी गेले, सुखरूप. काकांनी मेसेज केला, एका ओळीचा.

पण हॉस्पिटलने टेक्निशियनबाईंची चौकशी लावलीय. परवानगी न घेता प्रोग्राम वापरला, हा एक ठपका. दुसरा जास्त वाईट: प्रोग्राम चुकीचं मोजतो हे त्यांना माहीत होतं. पुरावा म्हणून परिषदेतलं ते पान छापून लावलंय. अर्धं वाक्य. नोकरी जाण्याची वेळ आलीय.

सरांना सांगितलं, मी चौकशी समितीसमोर जाणार. सरांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं.

‘काय सांगणार?’

‘बदल कोणी केला, कधी केला आणि ते वाक्य कुठून आलं.’

‘वाक्य तुमच्या फोल्डरमधून आलं. लेखी कबूल करायचं तर विद्यापीठाची नैतिकता समिती आधी तुमची नोंदणी थांबवेल. कंपनीचं काही वाकडं होणार नाही, माझंही नाही. समजतंय ना?’

‘समजतंय, सर.’

‘मी तुमच्या भल्याचं सांगतोय.’

खरं तर त्यांनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

सोमवार, २६ फेब्रुवारी

नैतिकता समितीला मी स्वतःच पत्र दिलं होतं. आज उत्तर आलं: नोंदणी स्थगित, प्रबंधातून काकांचं प्रकरण बाद, पुढचा निर्णय सहा महिन्यांनी. सोबत सरांच्या निवेदनाची प्रत. ‘पत्रांच्या गोपनीयतेबाबत विद्यार्थिनीने दिलेल्या तोंडी आश्वासनाची मला कल्पना नव्हती. ही तिची वैयक्तिक चूक आहे.’ खाली झोकदार सही.

आईला वाचून दाखवलं. ती सरांना काहीतरी बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, ‘फोल्डरमध्ये तूच ठेवलीस ना?’

‘हो.’

‘मग ते तेवढं खरं लिहिलंय त्यांनी.’ आणि थोड्या वेळाने, ‘परवा जाताना निळी साडी नेस. ती नेसलीस की तुझा आवाज चढत नाही.’

बुधवार, २८ फेब्रुवारी

हॉस्पिटलात चौकशी. लांबट टेबल, पलीकडे तिघं, मधे मुख्य डॉक्टर. टेक्निशियनबाई एका टोकाला बसल्या होत्या. पन्नाशीच्या, लहान चणीच्या, गणवेशावरच स्वेटर. मी त्यांना आज पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी नमस्कार केला, मी कोण ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

मी बदलांची नोंद मांडली. जुनी मोजणी अकरा वर्षांत एका अंकानेही हलली नव्हती, हे दाखवलं. मग एकोणीस जानेवारीची नोंद, वेळेसकट. ‘ज्या दिवशी पाळी चुकली, त्या दिवशी या बाईंच्या प्रोग्राममध्ये एकही अक्षर बदललेलं नव्हतं. बदललं ते त्याच्याखालचं, आणि त्यांना न सांगता.’

डॉक्टरांनी ते छापील पान पुढे सरकवलं. ‘पण हे तर त्यांनीच लिहिलंय ना?’

‘अर्धंच आहे ते. पूर्ण वाक्य असं आहे...’ आणि मी म्हटलं. कागद न बघता.

‘तुम्हाला कसं माहीत?’

‘पत्र माझ्याकडे होतं. मी ते जपून ठेवायचा शब्द दिला होता. माझ्याकडून ते बाहेर गेलं.’

टेबलाच्या टोकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान वळलीच. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. दुकानात आपलीच चोरीला गेलेली वस्तू मांडलेली दिसावी, तसं काहीतरी.

तासाभराने निकाल सांगितला. नोकरी राहील. विनापरवानगी प्रोग्राम वापरल्याची नोंद सेवापुस्तकात होईल आणि प्रोग्राम हॉस्पिटलच्या संगणक विभागाकडून तपासून घ्यायचा.

बाहेर व्हरांड्यात त्या माझ्यापाशी आल्या.

‘तुम्ही आलात, बरं केलंत.’

मी काहीतरी पुटपुटले, बहुधा माफी.

‘सगळी पत्रं वाचलीत?’

‘हो.’

‘सातही? तिसऱ्यात मी आमच्या यांच्याबद्दल लिहिलं होतं.’

‘हो.’

त्यांनी स्वेटरचं वरचं बटण लावलं. ‘घरात कुणाला सांगितलं नव्हतं मी ते,’ म्हणाल्या. ‘ते काका कोण, कुठले, कधी पाहिलं नाही, म्हणूनच लिहिता आलं. मला वाटायचं, तिकडे एकच माणूस वाचतो.’

मग घड्याळ बघून, ‘बाराची माणसं आली असतील,’ असं म्हणत त्या आत गेल्या.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की त्यांची सातही पत्रं मला जवळजवळ पाठ आहेत. त्यांतलं एकही त्यांनी मला लिहिलेलं नव्हतं.